पदकाआधीची वर्षे कुणाची?

महंमद अली हे नाव न ऐकलेला मनुष्य आज विरळाच. ३ जून २०१६ रोजी त्याचे निधन झाले, तेव्हा मुष्टियुद्धाचा एकही सामना कधी न पाहिलेल्या घरांतूनही त्याची चर्चा झाली. परंतु अलीच्या कीर्तीचा एक विशेष सहसा ध्यानात घेतला जात नाही. त्याच्या देशाने त्याची विजेतेपदे तर जपलीच, पण त्याच्या उमेदवारीची वर्षेही तितक्याच आस्थेने जपली. १९५४ साली लुईव्हिल गावात बारा वर्षांच्या एका मुलाची सायकल चोरीला गेली. चोर सापडला तर त्याला बदडून काढीन, असे तो रडतरडत एका पोलिसाला सांगू लागला. जो मार्टिन नावाचा तो पोलीस फावल्या वेळात मुलांना मुष्टियुद्ध शिकवीत असे. बदडायचे असेल तर आधी लढायला शिकले पाहिजे, असे त्याने मुलाला सुचवले आणि तिथून कॅशियस क्ले नावाच्या त्या मुलाचा, म्हणजे पुढच्या महंमद अलीचा, प्रवास सुरू झाला. ही कथा तेथे असंख्य पुस्तकांतून आणि चित्रपटांतून सांगितली गेली आहे.

तशाच त्याच्या सुरुवातीच्या लढतीही. १९६० साली वयाच्या अठराव्या वर्षी रोम ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये डग जोन्सने त्याला असा झुंजवला की, निकाल लागल्यावर प्रेक्षकांनी निषेधाचा गलका केला. त्याच वर्षी लंडनमध्ये हेन्री कूपरच्या एका ठोशाने तो जमिनीवर आला. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी, ज्याच्यापुढे तो टिकणार नाही असे जाणकार छातीठोकपणे सांगत होते त्या सनी लिस्टनला हरवून तो बावीसाव्या वर्षी जगज्जेता झाला. जोन्स, कूपर, लिस्टन, पुढे फ्रेझर आणि फोरमन ही नावे अलीच्या नावासोबतच उच्चारली जातात. नायकाची कथा प्रतिस्पर्ध्यावाचून पुरी होत नाही, हे त्या समाजाला उमगलेले आहे.

आता आपल्या घरात डोकावून पाहावे. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा मल्ल महाराष्ट्राचा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले, हे बहुतेक मराठी माणसांना ठाऊक असते. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हेही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु निरंजन दास कोण, असे विचारले तर किती जण उत्तर देतील? लंडनमध्ये १९४८ साली खाशाबा कितवे आले होते, हे किती जणांना सांगता येईल? पदकाचा दिवस आपण पाठ केला. पदकाआधीची वर्षे मात्र विस्मृतीत टाकली. ही केवळ स्मरणशक्तीची उणीव असती तर तिची चर्चा करण्याचे कारण नव्हते. या विस्मरणातून आपली एक सामाजिक सवय दिसते आणि तिची किंमत आजची मुले मोजत आहेत, म्हणून हा विषय महत्त्वाचा.

गोळेश्वर ते लंडन

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. पाच भावांत ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. त्यामुळे घरातच तालमीचे वातावरण. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. बेचाळीसच्या आंदोलनात या शाळकरी मुलाने भूमिगतांना निरोप पोचवण्याची व आसरा देण्याची कामे केली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला, तेव्हाची एक गोष्ट सांगितली जाते. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेलेल्या या अंगाने किरकोळ मुलाला शिक्षकांनी परत पाठवले. तो थेट प्राचार्यांकडे गेला. प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी त्याला संधी दिली, आणि त्या मुलाने आपल्याहून थोराड गड्यांना आसमान दाखवले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जाण्यासाठी कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य मिळाले. तोवर खाशाबांची सारी कुस्ती मातीतली. लंडनमध्ये गादी होती, आंतरराष्ट्रीय नियम होते, गुणांचा हिशेब होता. मातीत पाठ टेकली की कुस्ती संपते. गादीवर एकेका पकडीचे मोल वेगळे. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने तेथे त्यांना मार्गदर्शन केले. ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांना त्यांनी हरवले, इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र ते हरले. फ्लायवेट गटात त्यांना सहावा क्रमांक मिळाला.

सहावा क्रमांक! आजच्या वृत्तपत्रीय भाषेत याला ‘आव्हान संपुष्टात’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी बातमी विसरली जाते. खाशाबांच्या आयुष्यात मात्र हाच सहावा क्रमांक पुढच्या चार वर्षांचा पाया ठरला. गादी कशी असते, इराणी मल्ल पकड कशी घालतो, नियमाचा आधार कसा घ्यायचा, हे त्यांना त्या पराभवाने शिकवले. ते परतले आणि वरच्या गटासाठी, बँटमवेटसाठी, अंग कमवू लागले. हेलसिंकीचे पदक १९५२ साली गळ्यात पडले. त्याची पेरणी १९४८ च्या पराभवात झाली होती.

निरंजन दास नावाचा आरसा

ऑलिंपिकचा मार्ग परदेशी मल्लांनी अडवण्याआधी तो घरातच अडला. हेलसिंकीसाठी निवड करताना खाशाबांची गाठ बंगालच्या निरंजन दास या नामांकित मल्लाशी पडली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत गुणदानात खाशाबांना एका गुणाने मागे ठेवले गेले आणि त्यांची निवड हुकण्याची वेळ आली. हा निकाल पक्षपाती आहे, अशी त्यांची धारणा होती. असे प्रसंग भारतीय क्रीडाजगतात पूर्वीही घडले, पुढेही घडत राहिले. अशा वेळी बहुतेक खेळाडू दोनच गोष्टी करतात. कुणी कडवटपणे खेळ सोडतो, कुणी आयुष्यभर त्या अन्यायाची कहाणी सांगत बसतो.

खाशाबांनी तिसरा मार्ग धरला. पतियाळाचे महाराज यादविंद्रसिंह हे त्या काळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्याकडे दाद मागताना खाशाबांनी स्वतःला विजयी घोषित करा असे म्हटले नाही. त्यांनी पुन्हा कुस्ती मागितली. ती मिळाली, आणि त्यांनी निरंजन दासला चितपट केले. चितपट झालेल्या कुस्तीत पंचाच्या लेखणीला काम उरत नाही. न्याय मागायचा तो अशा रीतीने की, तो दिल्यावर कुणाला शंकाच राहू नये, असा या घटनेचा अर्थ आहे.

येथे निरंजन दासचा विचार करणेही आवश्यक आहे. तो खलनायक नव्हता. गुणदान त्याने केले नव्हते. तो एक कसलेला मल्ल होता आणि त्यालाही देशासाठीच लढायचे होते. तो दुबळा असता तर त्याच्यावरील विजयाला मोल राहिले नसते. आखाड्यात उतरताना मल्ल मातीला हात लावतो, सलामी देतो, प्रतिस्पर्ध्याचा हात हातात घेतो. या रिवाजाचा आशयच असा की, समोरचा गडी आपली परीक्षा घेणारा आहे आणि परीक्षकाचा अनादर करायचा नसतो. प्रतिस्पर्धी हा आरसा असतो. आपले उणे त्यात दिसते.

अलीच्या चरित्रातला एक भाग या दृष्टीने बोधप्रद आहे. १९६७ साली लष्करभरतीला नकार दिल्यामुळे त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले, तेव्हा ज्या ज्यो फ्रेझरने त्याला मदतीचा हात दिला, त्याच फ्रेझरची १९७१ व १९७५ च्या लढतींपूर्वी अलीने जाहीर आणि हीन शब्दांत टवाळी केली. त्या लढती अजरामर झाल्या; पण फ्रेझरच्या मनातला घाव कित्येक दशके भरला नाही. पुढे २००१ साली अलीने जाहीरपणे खेद व्यक्त केला आणि २०११ साली फ्रेझरच्या अंत्यविधीला, स्वतःचे शरीर साथ देत नसतानाही, तो उपस्थित राहिला. जगातल्या सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्ध्यालाही अखेर उमगले की, फ्रेझरवाचून अली अपुरा आहे. चढाओढ आणि वैर यांतली सीमारेषा ज्याला ओळखता येते, तोच खरा खेळाडू. ती ओळख मुलांना लहानपणी करून द्यावी लागते. पदक मिळाल्यावर तिचे शिक्षण देता येत नाही.

सात हजार रुपये

निवड झाली, पण फिनलंडला जाण्याचा खर्च कोण करणार? या प्रश्नाचे उत्तर शासनाकडून पुरेसे मिळाले नाही. गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी पैसे गोळा केले, व्यापाऱ्यांनी हातभार लावला, खाशाबा स्वतः दारोदार हिंडले. तरी रक्कम पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार म्हणजे काय, याची कल्पना जुन्या पिढीतील वाचकांना सहज येईल.

रोमच्या विजयानंतर १९६० साली कॅशियस क्लेच्या मागे लुईव्हिलमधील अकरा धनिक एकत्र येऊन उभे राहिले. त्यांनी त्याचा खर्च उचलला, प्रशिक्षक मिळवून दिला. त्यात त्यांचा नफ्यातला वाटाही होता आणि त्यात गैर काहीच नाही. पण खर्डेकरांचा वाटा कुठे होता? विद्यार्थी जिंकला तर त्यांना काहीच मिळणार नव्हते. हरला तर घर जाणार होते. शिवाय क्लेमागे ती माणसे उभी राहिली, ती त्याने सुवर्णपदक जिंकल्यानंतर. खर्डेकर उभे राहिले ते पदकाआधी, एका सहाव्या क्रमांकाच्या भरवशावर.

हेलसिंकीत पुढे काय झाले, हे सर्वश्रुत आहे. बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना खाशाबांनी हरवले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची दीर्घ झुंज झाली आणि ती त्यांनी गमावली. हाच इशी पुढे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्या झुंजीनंतर पुरेशी विश्रांती न देताच त्यांना सोविएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढावयास सांगण्यात आले. नियमाने मिळावयाची विश्रांती मागून घेण्यासाठी त्या घटकेला भारताचा कुणी अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव मानगावे फेदरवेट गटात चौथे आले. एका पायरीने त्यांचे पदक हुकले आणि त्या एका पायरीने त्यांचे नावही लोकस्मरणातून हुकले.

परतल्यावर खाशाबांनी सत्काराचे हार उतरवले आणि पुन्हा लांग चढवली. कोल्हापुरात त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवून दिले. पदकाची कथा येथे पुरी होते. गुरूने विश्वास टाकला, शिष्याने तो फेडला. मधल्या काळात गावाने आपला वाटा उचलला. या साऱ्या व्यवहारात कुठेही करार नव्हता. शाहू छत्रपतींनी १९१२ साली खासबाग मैदान उभारले आणि मल्लविद्येला राजाश्रय दिला. संस्थाने गेल्यावर तो आश्रय समाजाने आपल्या खांद्यावर घ्यावयाचा होता. खर्डेकर आणि गोळेश्वरचे ग्रामस्थ यांनी तो घेतला.

पण साऱ्या समाजाने घेतला, असे म्हणता येत नाही. खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले, साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या वाट्याला मरणोत्तर आला, तोही हेलसिंकीनंतर जवळजवळ अर्धशतकाने. २०१० साली दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास १९९६ सालचा लिअँडर पेस यावा लागला, आणि महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास १ ऑगस्ट २०२४ उजाडावा लागला. पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. बहात्तर वर्षांचे हे अंतर आहे. या बहात्तर वर्षांत महाराष्ट्रात गुणी मुले जन्मली नाहीत, असे कोण म्हणेल?

लोकलच्या वेळापत्रकातले बालपण

हा प्रश्न कोल्हापूर-सांगलीपुरता मर्यादित नाही. उलट तो आज ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात अधिक टोकदारपणे उभा आहे. पश्चिम महाराष्ट्रात निदान तालमी आहेत, यात्रेतली मैदाने आहेत, मल्लाला ओळखणारी माणसे आहेत. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे, १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर, कवठेपिरानचे मारुती माने ही नावे तिकडच्या घराघरांत घेतली जातात. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर व माने यांनी मिळून दोन सुवर्ण आणि दोन रौप्य पदके आणली, हे तेथील जुनी माणसे आजही अभिमानाने सांगतात.

आपल्या परिसरालाही हा वारसा परका नाही. १९७४ साली महाराष्ट्र केसरीचे मैदान ठाण्यात भरले होते आणि युवराज पाटील या उमद्या मल्लाने ती गदा येथेच उंचावली. कल्याण, भिवंडी, अंबरनाथ परिसरातील आगरी-कोळी गावांत जत्रेच्या दिवशी आजही आखाडा भरतो आणि लहानग्यांच्या कुस्त्या लागतात. पण या आखाड्यापासून हाकेच्या अंतरावर जी संकुले उभी राहिली आहेत, त्यांतील किती कुटुंबे तेथे फिरकतात? एकाच शहरात दोन जगे राहतात आणि त्यांची गाठ रेल्वेच्या फलाटावरच पडते.

या पट्ट्यातील मध्यमवर्गीय कुटुंबाचे जीवन लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे. आईवडील दोघेही पहाटे घर सोडतात, रात्री परततात. मुलाच्या वाट्याला शाळा आणि शाळेनंतर क्लास. आठवीपर्यंत कबड्डी, जिम्नॅस्टिक्स, पोहणे, मल्लखांब यांतले काहीतरी चालते. नववीला ते ‘तात्पुरते’ थांबते आणि दहावीनंतर ते तात्पुरते कायमचे होते. यात पालकांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ज्या घरावर कर्जाचे हप्ते आहेत, त्या घराने मुलाच्या खेळावर भवितव्य पणाला लावावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? ‘खेळून पोट भरते का?’ हा प्रश्न पालक विचारतात, कारण न भरल्यास पाठीशी कुणी उभे राहणार नाही, हे त्यांना अनुभवाने कळलेले असते.

मुद्दा येथेच आहे. मुलगी राष्ट्रीय स्पर्धेत पदक घेऊन आली की चौकात फलक लागतात. नगरसेवक, मंडळे, संस्था, सगळे शाल-श्रीफळ घेऊन येतात. फलकावर मुलीच्या छायाचित्रापेक्षा शुभेच्छुकांची छायाचित्रे मोठी असतात. त्या मुलीने बारा ते सतरा या वयात रोज किती प्रवास केला, बुटांचा खर्च कुणी केला, दुखापत झाली तेव्हा उपचार कुठे झाले, जिल्हा स्पर्धेत पहिल्या फेरीत हरली तेव्हा तिच्याशी कोण बोलले, हे कुणी विचारत नाही. समाज पदकावर हक्क सांगतो आणि पदकाआधीची वर्षे एकट्या कुटुंबावर सोडतो. खाशाबांची उमेदवारी आपण विसरलो, त्याचे मूळ याच सवयीत आहे. जी वर्षे आपण आठवत नाही, त्यांची जबाबदारीही आपल्याला जाणवत नाही.

शासन आहे, मग समाज कशाला?

यावर एक आक्षेप घेतला जाईल. १९५२ आणि आज यांत फरक नाही काय? आज केंद्र शासनाची ऑलिंपिक पदकवेध योजना आहे, ‘खेलो इंडिया’ आहे, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. स्वप्नील कुसाळे स्वतः क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि मध्य रेल्वेच्या नोकरीने त्याला आधार दिला. मग प्राचार्यांनी घरे गहाण ठेवण्याची गरज काय?

आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. कुणीही घर गहाण ठेवण्याची पाळी येऊ नये, हेच चांगल्या व्यवस्थेचे लक्षण. शासनाने पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक केले आहे आणि करीत राहिले पाहिजे. मैदानांची आरक्षणे राखणे हे तर पालिकांचे कर्तव्यच आहे आणि त्याबाबत नागरिकांनी जागरूक असलेच पाहिजे. परंतु शासकीय योजनेला निकष लागतात. निकष म्हणजे सिद्ध झालेली कामगिरी. जो मुलगा अजून सहावा येतो आहे, त्याला निकषात बसवता येत नाही. त्याच्यातले पाणी ओळखायला समोर बसलेला, रोज पाहणारा माणूस लागतो. शाळेचा क्रीडाशिक्षक, तालमीतला वस्ताद, शेजारचे निवृत्त काका, सोसायटीतील डॉक्टर. प्राचार्य खर्डेकरांनी खाशाबांना ओळखले ते कोणत्याही निकषाने नव्हे. शासन उंच झालेल्या रोपाला आधार देऊ शकते. रोप उगवले आहे, हे मात्र अंगणातल्या माणसालाच आधी दिसते.

आणि या परिसरातील समाजाला हे जमणार नाही, असे म्हणण्यास जागा नाही. १९९९ साली डोंबिवलीत श्रीगणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली. कोणत्याही शासकीय आदेशावाचून, असंख्य छोट्या संस्थांनी एकत्र येऊन ती उभी केली आणि पाहतापाहता गुढीपाडव्याची ती प्रथा ठाणे, गिरगावपासून महाराष्ट्रभर पसरली. ग्रंथालये, व्याख्यानमाला, रक्तपेढ्या, सहकारी पतसंस्था हे सारे या शहरांनी वर्गणीतून आणि वेळ देऊन उभे केले आहे. ज्यांना एका दिवसासाठी हजारो माणसे शिस्तीने रस्त्यावर आणता येतात, त्यांना दहा मुलांच्या पाठीशी पाच वर्षे उभे राहता येणार नाही काय?

काय करता येईल?

करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. प्रत्येक शाळेने आपल्या खेळाडूंची एक वही ठेवावी. तीत केवळ विजय लिहू नयेत, प्रत्येक लढत लिहावी, प्रतिस्पर्ध्याचे नाव लिहावे आणि पराभवातून काय शिकलो हे मुलानेच लिहावे. मोठ्या गृहसंकुलांनी आणि मंडळांनी गणेशोत्सवाच्या खर्चातला एक लहानसा भाग काढून एकेका मुलाची वा मुलीची बारा ते सतरा या वयातली जबाबदारी घ्यावी. त्यात प्रवास, आहार, साहित्य आणि अभ्यासाची सोय असावी. डॉक्टरांनी आठवड्यातील एक तास अशा मुलांसाठी राखावा. निवृत्त शिक्षकांनी स्पर्धेमुळे बुडालेला अभ्यास भरून द्यावा. शाळांनी वर्षातून एकदा आपली मुले गावच्या जत्रेतल्या आखाड्यावर न्यावीत, म्हणजे संकुलातल्या मुलाला गावातला मुलगा कळेल आणि गावातल्या मुलाला शहर आपले वाटेल. यांतली एकही गोष्ट पैशाअभावी अडणारी नाही.

आणखी एक गोष्ट. मदत देताना पदकाची अट घालू नये. मदत मिळालेल्या दहा मुलांपैकी नऊ कदाचित कधीच राष्ट्रीय पातळीवर पोचणार नाहीत. ती नऊ मुले म्हणजे वाया गेलेला पैसा नव्हे. ज्या मुलाने सलामी देऊन झुंज घेतली, हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मैदान गाठले, तो पुढे कारकून होवो, अभियंता होवो वा व्यापारी होवो, समाजाला एक उभा राहणारा माणूस मिळाला. शिवाय दहाव्याला दहावा होण्यासाठी ते नऊ लागतातच. निरंजन दासवाचून खाशाबा घडत नाहीत आणि केशव मानगाव्यांच्या चौथ्या क्रमांकाला विसरणारा समाज पुढचा तिसरा क्रमांक मिळवण्यास पात्र ठरत नाही.

१५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस. तो यंदा प्रतिमापूजनाने साजरा होईलच. त्या दिवशी शाळेच्या सभागृहात मुलांना हेलसिंकीच्या पदकासोबतच लंडनच्या सहाव्या क्रमांकाची, मद्रासमधल्या एका गुणाची आणि सात हजार रुपयांच्या गहाणखताची गोष्टही सांगितली जावी. आणि ती ऐकल्यावर सभागृहातील मोठ्यांनी एकमेकांकडे पाहून एवढेच विचारावे की, आपल्या शाळेत, आपल्या इमारतीत आज सहावा आलेला मुलगा कोण आहे?